आईच्या पायाच्या मापाचा जिना

आमच्या घराची वाटणी झाली ती एका बाभळीपायी. शेताच्या बांधावर ती उभी होती आणि नांगराला लाकूड हवं म्हणून तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, ती न विचारता तोडली. बापू, माझे वडील, थोरले. त्यांचं म्हणणं, तोडायला हरकत नव्हती, पण एका शब्दानं विचारायला काय झालं होतं? तात्यांचं म्हणणं, बांध दोघांचा तर विचारायचं कशाला? एवढंच. आता ऐंशी ओलांडली, पुष्कळ घरं फुटताना पाहिली, कोर्टकचेऱ्या पाहिल्या. पण इतक्या फुसक्या कारणावरून वेगळे झालेले दोन शहाणे भाऊ मी दुसरे पाहिले नाहीत. शहाणे म्हणते ते लोक म्हणायचे म्हणून. माझं मत कुणी विचारलं नव्हतं, आणि आईचंही नाही.

गावचा सारा गोळा करणारे जे माली पाटील, त्यांच्या ओसरीवर पंच बसले आणि त्यांनी चिठ्ठ्या टाकून घर फाडलं. पुढच्या खोल्या आणि जुना जिना तात्यांकडे गेला. मागचा गोठा आणि गोठ्यावरची माडी आमच्याकडे आली. माडीवर जायला तो एकच जिना होता, पुढच्या खोलीतून वर येणारा. म्हणून जिन्याच्या डोक्यावर माडीचं जे दार होतं ते कच्च्या विटांनी बुजवायचं ठरलं. जो आधी विटा काढील त्यानं फैसला मोडला, असंही पंच म्हणाले. वाटणी अगदी बारकाईनं झाली. तात्यांनी गल्लीकडून नवं दार पाडायचं ठरवलं, त्यामुळे घराच्या जुन्या मुख्य दाराची चौकट निघाली. तिची दारं तात्यांना दिली आणि सागाचा जाड उंबरा बापूंना. दाराचेही असे दोन तुकडे करणाऱ्या माणसांना गावात मान होता.

गवंडी विटा रचत होता तेव्हा आई माडीवरच होती. दोन वर्षांपूर्वी विहिरीच्या काठावर ती पडली होती, खुब्याचं हाड वेडंवाकडं बसलं होतं आणि डावा पाय जेमतेम उचलायचा. जुन्या जिन्यावरून ती भिंतीला हात लावत, एकेका पायरीवर थांबत उतरायची. आता मागच्या बाजूला बापूंनी वेळूची शिडी लावली. मी तिच्यावरून माकडासारखी चढायची, पाण्याची घागर वर न्यायची, शेण-सरपण न्यायची. आईला ती शिडी जमणं शक्य नव्हतं. बापूंनी एकदा तिला पाठीवर घेऊन बघितलं. तिसऱ्या-चौथ्या बांबूवर तिचा खुबा असा काही दुखला की तिच्या ओरडण्यानं गल्लीतली माणसं बाहेर आली. त्यानंतर तो विषय बंद झाला. चूल माडीवर मांडली, कोपऱ्यात मोरी होती म्हणून निभावलं, आणि आई वर राहिली. बापू म्हणाले, "अमावस्येपतोर जिना करतो तुला. लाकडाचा. मागल्या अंगणातून."

खालच्या पुढच्या खोलीत मावशी होती. तात्यांची बायको आईची सख्खी धाकटी बहीण, शेवंता. चारठाणा गावच्या एकाच घरातून दोघी एकाच मांडवात या घरात आल्या होत्या. मी तिला काकू कधी म्हटलंच नाही. मावशीला मूल नव्हतं, आईची माझ्या आधीची दोन गेली होती. दोघींत मिळून मी, चंद्री, एकटी. मी जेवायची कुठं याचा हिशेब कुणी ठेवला नाही. मावशी आमटीसाठी येसराचा मसाला भाजायला लागली की धणे, मिरची, खोबऱ्याचा तो खरपूस वास माडीवर यायचा आणि आई म्हणायची, "जा, वाटी घेऊन जा. तिनं तुझ्यासाठीच घातलंय." वाटणीनंतरही मी गल्लीतून वळसा घालून वाटी आणायची. बापूंना ती आमटी कुणाच्या हातची हे पहिल्या घासाला कळायचं. ते दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे.

बाप्ये शेतावर गेले की दुपारी मावशी तिच्या बाजूनं जुना जिना चढून वर यायची आणि विटांच्या पलीकडे शेवटच्या पायरीवर बसायची. अलीकडे आई पाठ टेकून बसायची. भिंत एका विटेची, वर मातीचा गिलावा. शब्द पुसट यायचे, पण आवाज यायचा. दोघी काय बोलायच्या? भाजीत मीठ जास्त झालं, म्हैस आटली, माहेराहून कुणी आलं नाही. मी मध्येच काही बोलले तर आई मला गप्प करायची, कारण तिला पलीकडचं ऐकायचं असायचं. मावशी खाली गेली की आई बराच वेळ तशीच पाठ लावून बसलेली असायची.

गावात सुताराचं एकच घर. किसन सुताराला दोन्ही भावांकडून बलुतं मिळायचं. त्यानं बापूंना स्पष्ट सांगितलं, "दोघांचं खातो मी. एकाच्या अंगणात जिना लावला तर दुसऱ्याच्या मनातून उतरतो. औजारं न्या, लागतील तितके दिवस ठेवा. मी न्हाई येत." बापू शेतकरी माणूस, औताची दुरुस्ती करण्याइतकी सुतारकी त्यांना यायची, जिना कधी केलेला नव्हता. तरी त्यांनी वाकस, करवत, रंधा, पटाशी सगळं उचलून आणलं. गोठ्याची एक बाजू खचली होती ती मोकळी करून तिच्या दोन लांब तुळया जिन्याच्या दोन बाजूंना धरल्या. पायऱ्यांसाठी सेलूला गाडी घेऊन गेले. तिथं एका जिनिंगची जुनी शेड पाडली होती, तिच्या फळ्या मिळाल्या. त्या फळ्यांच्या भेगांतून अजून कापूस अडकलेला होता आणि करवत चालली की सरकीच्या तेलाचा वास अंगणभर सुटायचा. दिवस जर्मनच्या लढाईचे होते, खिळे बाजारात नव्हते. जुन्या गाडीचे, जुन्या दारांचे गंजके खिळे काढून मी दगडावर ठोकून सरळ करायची. माझ्या अंगठ्याचं नख त्यात एकदा काळं पडलं ते पुन्हा नीट आलं नाही.

काम सुरू करायच्या आधी बापू वर आले आणि आईला म्हणाले, "उभी ऱ्हा भिंतीला धरून. डावा पाय उचल. जितका सहज उचलतो तितकाच." आई लाजली. नवऱ्यासमोर असा पाय उचलून दाखवायचा म्हणजे काय! पण तिनं उचलला. बापूंनी कोळशानं भिंतीवर तिच्या टाचेची खूण केली, दोरीचा तुकडा जमिनीपासून त्या खुणेपर्यंत धरला आणि गाठ मारली. ती गाठ म्हणजे प्रत्येक पायरीची उंची. वीतभरसुद्धा नव्हती. त्यामुळे जिना इतका चपटा आणि इतका लांब झाला की माडीपासून सुरू होऊन तो अर्ध्या अंगणात पसरला. येणारे-जाणारे थांबून हसायचे. "बैल चढवायलाव का माडीवर?" असं एकानं विचारलं. बापू मान वर न करता म्हणाले, "माणूस चढवायलोय." बापूंचा स्वभाव तसा तुसडा, प्रेमाचा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही; पण ती गाठीची दोरी ते झोपतानासुद्धा कनवटीला खोचून झोपायचे.

अमावस्या आली आणि गेली. बापूंच्या हाताला वेग नव्हता, आणि चूक चालवून घेणं हे तर त्यांच्या रक्तातच नव्हतं. एखादी पायरी दोरीपेक्षा बोटभर वर गेली की ती उखडून पुन्हा बसवायचे. आई वरून ठोकण्याचे आवाज ऐकायची. तिचे दिवस दोन आवाजांवर चालले होते, मागून वाकस आणि पुढून पहाटे मावशीचं जातं. एका पहाटे दळण सुरू झालं आणि आई भाकरीचं पीठ मळता मळता थांबली.

"हे शेवंताचं दळण न्हाई," ती म्हणाली. "दुसरंच कुणी बसलंय जात्यावर. जा, बघून ये."

मी गेले. शेजारची बाई दळत होती आणि मावशी वाकळ पांघरून पडली होती. हात लावला तर चटका बसावा असा ताप. हकीम येऊन गेले होते. मुदतीचा ताप आहे, मुदत भरल्याशिवाय उतरायचा नाही, असं सांगून गेले होते. मावशी मला बघून हसली आणि तिनं पहिला प्रश्न विचारला तो असा, "आक्काचा जिना कुठवर आला गं?"

पुढं रोज हाच प्रश्न. मी रोज जाऊन तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवायची, पेज भरवायची आणि जिना कुठवर आला ते सांगायची. ती म्हणायची, "लवकर करा म्हणावं भावजीला. मला आक्काला बघायचंय." इकडे आई माझी वाट बघत दारात बसलेली असायची. खाल्लं का, ओळखती का, ओठ कोरडे पडलेत का, सगळं विचारून झालं की पुन्हा पहिल्यापासून विचारायची. शेवटी एका सकाळी तिनं मला तात्यांकडे पाठवलं.

तात्या मावशीच्या पायथ्याशी बसले होते. मी म्हटलं, "तात्या, आई म्हणतीय, दाराच्या विटा काढा. जुन्या जिन्यानं उतरते, मावशीला बघते अन् परत वर जाते म्हणती."

"वैनीला मी न्हाई म्हणलंय का कधी?" तात्या म्हणाले. त्यांचे डोळे जागरणानं लाल झाले होते. "दादाला सांग, गल्लीत उभं राहून मला एक हाक मार म्हणावं. फकस्त नाव घ्यावं माझं. मी आत्ताच्या आत्ता पाडतो भिंत."

मी पळत मागच्या अंगणात गेले आणि बापूंना ते सांगितलं. रंधा थांबला. मला वाटलं, आता उठतील. ते म्हणाले, "झाड त्यानं तोडलं अन् हाक मी मारू? धाकट्याला?" मग पुन्हा रंधा चालू झाला. "जिना होत आलाय. आपल्या जिन्यानं जाईल ती."

माझं वय तेव्हा लग्न ठरवायचं होतं, म्हणजे घरच्यांच्या लेखी मी शहाणी झाले होते. पण त्या दोघांना चार शब्द सुनावण्याइतकी मोठी झाले नव्हते. आज परभणीत नातवाच्या घरी लिफ्टनं वर-खाली करते. बटण दाबलं की दार उघडतं. दार उघडलं की दर वेळी माझ्या मनात त्या दोघांना घालायच्या शिव्या येतात. दोघंही केव्हाच गेले, तरी येतात.

आणि एक दिवस जिना झाला. सेलूच्या फळ्या शेवटच्या पायरीला कमी पडल्या होत्या. सगळ्यात वरची, माडीच्या दाराशी येणारी पायरी रुंद आणि भक्कम हवी, कारण आईला तिथं क्षणभर उभं राहून तोल सावरावा लागणार होता. बापूंनी वाटणीत आलेला सागाचा उंबरा घेतला, रंधून गुळगुळीत केला आणि तिथं बसवला. दाराजवळची वस्तू दाराजवळच राहिली, असा त्यांचा विचार असावा. मी धावत जाऊन मावशीला सांगितलं, "झाला जिना! आई येतीय." मावशीनं उठून बसायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग म्हणाली, "माझे केस विंचर गं. आक्का बघून काय म्हणंल, झिपरी झालीय म्हणंल." मी तिचे केस विंचरले. मूठ मूठ केस फणीत येत होते, ते तिला दिसू नयेत म्हणून मी ओच्यात लपवले. कुंकू लावलं आणि आईला आणायला परत आले.

आई माडीच्या दारात उभी होती, आणि खाली दुसऱ्या पायरीवर बापू, हात पुढे करून. आई पहिल्या पायरीकडे बघत होती.

"ही कशाची फळी?"

"सागाची."

"साग हाय ते दिसायलंय मला. कुठली हाय?"

आई चौकट धरून जरा वाकली.

"उंबरा हाय ह्यो," आई म्हणाली. "आवं, रोज हळदकुंकू वाहिलंय मी ह्याला. ह्याच्यावरलंच माप लवंडून मी अन् शेवंता एका दिवशी घरात आलो. ह्याच्यावर पाय देऊ? तिकडं ती तापानं फणफणायलीय अन् मी उंबरा तुडवीत तिला बघायला जाऊ? तिचं बरंवाईट झालं मंजे?"

"लाकूड हाय ते आता, चंद्रीची माय."

"मग दुसरं लाकूड घाला."

आई कधी हट्ट करायची नाही. म्हणूनच त्या दिवशी तिला कुणी हलवू शकलं नाही. ती दारातून मागं सरली आणि बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पाय पुढं आला नाही. बापू थोडा वेळ तसेच हात पुढं करून उभे राहिले. मग खाली गेले, पटाशी आणली आणि खिळे उचकटून उंबरा काढला. तेवढी रुंद, जाड फळी गावात कुणाकडे नव्हती, आणि हलत्या लाकडावर तिला पाय ठेवायला लावतील असे बापू नव्हते. त्यांनी गाडी जुंपली आणि ते सेलूच्या वाटेला लागले. जायला एक दिवस, यायला एक.

मावशीला सांगायचं काम माझ्याकडेच आलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "आक्काचं बरोबर हाय. मीबी दिला नसता पाय." मग तिनं डोळे मिटले. केस विंचरलेलेच होते.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना माडीच्या बुजवलेल्या दारावर पहारीचा घाव पडला. गिलावा उडाला, दुसऱ्या घावाला वीट आत पडली. आई खांब धरून उभी राहिली. बघता बघता माणूस जाईल एवढं भगदाड झालं आणि त्यातून तात्या दिसले, अंगभर माती, डोक्याला मुंडासं नाही.

"गेली?" आईनं विचारलं.

तात्या पहार टाकून जुन्या जिन्यावरच मटकन बसले. "चला वैनी," एवढंच म्हणाले.

आई भगदाडापाशी आली. राहिलेल्या विटांवरून तिनं हात फिरवला. "येवढीशीच भिंत होती भावजी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मग भिंतीला हात लावत, एकेका पायरीवर थांबत ती खाली उतरली. बहिणीला तिनं स्वतः न्हाऊ घातलं, मळवट भरला, हिरवा चुडा भरला, ओटी भरली. केस विंचरायला फणी घेतली, बघितलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तू विंचरलेस?" मी हो म्हटलं. तिनं फणी खाली ठेवली.

उन्हाळ्याचे दिवस, थांबणं शक्य नव्हतं. बापूंना गावाच्या शिवेवरच कुणीतरी सांगितलं. त्यांनी गाडी घराकडे न वळवता तशीच मसणवट्याकडे नेली. गाडीत ती फळी होती. मी बाईमाणूस, तिथं नव्हते. नंतर किसन सुतारानं सांगितलं. बापू जाऊन तात्यांच्या शेजारी उभे राहिले. तात्या म्हणाले, "दादा, आलास?" बापू म्हणाले, "आलो." दोघांचं बोलणं तिथून सुरू झालं आणि पुढं मरेपर्यंत तुटलं नाही. फैसला मोडला म्हणून पंचांनी विचारलंसुद्धा नाही. इतकं ते सोपं होतं, हे कळल्यावर मला रडूच येईना.

आईनं नंतर कितीदा तरी स्वतःशी म्हटलं, "उंबऱ्यासाठी अडले नसते तर भेट झाली असती." बापू तिथंच बसलेले असायचे. रागाच्या भरात, कधी भांडणात, म्हातारपणी चिडचिडे झाले तेव्हाही, त्यांनी ही गोष्ट तिला एकदाही ऐकवली नाही. तिनंही त्यांना हाकेबद्दल विचारलं नाही. एकमेकांना एवढं सांभाळून घेणारी ती दोन माणसं मावशी जिवंत असताना कुठं गेली होती, हे मला अजून कळलेलं नाही.

तेरावा झाल्यावर बापूंनी ती नवी फळी वरच्या पायरीला बसवली. कडा घासल्या, जवसाचं तेल पाजलं, स्वतः दोनदा वर-खाली करून बघितलं, आणि अंगणातून हाक मारली, "चंद्रीची माय, बघ गं."

आई माडीच्या मागच्या दारात आली. वरपासून खालपर्यंत तिनं सगळा जिना नीट बघितला.

"चांगला झालाय," ती म्हणाली. मग वळली, माडी ओलांडून पुढच्या बाजूला गेली आणि त्या फोडलेल्या भगदाडातून, भिंतीला धरून, जुन्या जिन्यानं खाली उतरली. त्यानंतर जन्मभर ती तिथूनच उतरली.